तारेवरून आलेले चित्र

दूरचित्रवाणीचा इतिहास सांगताना प्रक्षेपणाचे उंच मनोरे, कॅमेरे आणि कलावंत यांचा उल्लेख सहसा कोणी विसरत नाही. परंतु मनोरा आणि घरातला पडदा यांच्यामधल्या वाटेवर, रस्त्याकडेच्या खांबाला बांधलेली एक लहानशी पेटी असे. ती वर्षानुवर्षे ऊनपाऊस सोशीत आपले काम करीत राहिली आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. या पेटीचे नाव विवर्धक. ‘ॲम्प्लिफायर’ या नावाने तो मराठीत इतका रुळला आहे की कीर्तनाच्या मांडवातही त्याचे नाव ऐकू येते. मांडवातला ॲम्प्लिफायर आवाज मोठा करतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. खांबावरच्या विवर्धकाचे कामही वरवर पाहता तेच. पण ते करताना पहिल्या तंत्रज्ञांना एक कठीण धडा शिकावा लागला. दुर्बळ संकेत हवा तेवढा मोठा करता येतो. तो निर्मळ ठेवून दूरवर नेणे मात्र फार अवघड असते.

मुळात तारेची गरज का पडली, हे आधी पाहिले पाहिजे. आकाशवाणीच्या मध्यम आणि लघू लहरी डोंगर ओलांडून, कधी क्षितिजापलीकडेही जातात. रात्रीच्या वेळी शेकडो मैलांवरचे केंद्र रेडिओवर लागते ते त्यामुळेच. दूरचित्रवाणीच्या लहरी अधिक जलद कंपनांच्या असतात आणि त्या बऱ्याचशा प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. डोंगर मध्ये आला की त्यामागे त्यांची सावली पडते. मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दाखवण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपक उभारावा लागला, त्याचे कारण हेच. सह्याद्रीची भिंत मध्ये असताना मुंबईचा संकेत पुण्याला आपोआप पोचणे शक्य नव्हते.

अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच उभा राहिला. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया यांसारख्या मोठ्या शहरांत दूरचित्रवाणी केंद्रे सुरू झाली. दुकानांत संच विक्रीस आले. पण डोंगरांच्या कुशीतल्या आणि केंद्रांपासून दूरच्या लहान गावांना या नवलाईची केवळ बातमी मिळत होती. त्यातच 30 सप्टेंबर 1948 रोजी तेथील केंद्रीय दळणवळण आयोगाने नव्या केंद्रांना परवाने देणे थांबवले. शेजारच्या केंद्रांचे संकेत एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी वाहिन्यांची नवी वाटणी करायची होती. काही महिन्यांपुरती वाटलेली ही स्थगिती एप्रिल 1952 पर्यंत लांबली. तिच्या अखेरीस साऱ्या देशात केवळ 108 केंद्रे चालू होती. आपल्या गावाजवळ केंद्र निघेल, या आशेवर बसलेल्या लोकांना साडेतीन वर्षे वाट पाहावी लागली. काहींनी मात्र ती पाहिली नाही.

ऑरेगन राज्यातील ॲस्टोरिया हे कोलंबिया नदीच्या मुखाशी वसलेले गाव. तेथे एड पार्सन्स नावाचे गृहस्थ स्थानिक रेडिओ केंद्र चालवीत असत. त्यांच्या पत्नी ग्रेस यांनी परगावी दूरचित्रवाणी पाहिली होती आणि ती आपल्या घरी असावी, असा त्यांचा आग्रह होता. सर्वांत जवळचे केंद्र सिॲटलचे, म्हणजे सुमारे 125 मैलांवर. त्याचे प्रक्षेपण 25 नोव्हेंबर 1948 रोजी सुरू झाले. पार्सन्स यांनी संकेताची तीव्रता मोजणारे उपकरण घेऊन गाव पालथे घातले, तेव्हा आपल्या घरासमोरच्याच हॉटेलच्या गच्चीवर तो संकेत क्षीण रूपात सापडतो, असे त्यांना आढळले. त्यांनी तेथे एरियल उभारले, संकेत विवर्धकातून वाढवला आणि तारेने आपल्या घरात आणला. घरात पाहुण्यांची एवढी गर्दी लोटू लागली की घराला घरपण उरेना. तेव्हा त्यांनी तीच तार हॉटेलच्या दिवाणखान्यात, मग एका वाद्यांच्या दुकानात आणि पुढे इतर घरांत नेली.

पेन्सिल्वेनियातील महानॉय सिटीचे जॉन वॉल्सन यांनी आपण त्याच वर्षाच्या जून महिन्यातच असा उद्योग सुरू केला होता, असे सांगितले. ते संचांचे दुकान चालवीत आणि वीज कंपनीत तारांचे कामही करीत. त्यांचे जुने कागदपत्र पुढे आगीत नष्ट झाल्याने या दाव्याचा लेखी पुरावा उरला नाही. पहिला मान कोणाचा, हा वाद त्यामुळे पूर्णपणे मिटलेला नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. एकमेकांपासून दूर असलेल्या गावांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी, जवळपास एकाच वेळी एकच युक्ती योजली: उंचावर एरियल, तेथून खाली तार, आणि तारेच्या वाटेवर विवर्धक.

विवर्धकाशिवाय हे काम का होत नव्हते? समाक्ष केबल म्हणजे मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युत्‌रोधक थर आणि त्यावर धातूच्या विणीचे वेष्टन. बाहेरचा उपद्रव आत आणि आतला संकेत बाहेर जाऊ नये, यासाठी ही रचना असते. तरीही संकेताची शक्ती वाटेत उष्णतेच्या रूपाने नाहीशी होतच असते. त्या काळच्या जाड केबलमध्ये 1000 फुटांच्या प्रवासात ती खालच्या वाहिन्यांवरही 15 ते 20 डेसिबलांनी घटे. डेसिबल हे गुणोत्तर मोजण्याचे माप आहे. 10 डेसिबल घट म्हणजे शक्ती दहावा हिस्सा उरणे, 20 डेसिबल म्हणजे शंभरावा आणि 30 म्हणजे हजारावा. अर्धा मैल तार ओढली की डोंगरावर कष्टाने मिळवलेल्या संकेतात काही राम उरत नसे.

शिवाय ही घट सर्व वाहिन्यांवर सारखी नसते. कंपनांची संख्या चौपट झाली की डेसिबलांतली घट साधारण दुप्पट होते. अमेरिकेतील तेव्हाच्या बारा वाहिन्या सेकंदाला 5 कोटी 40 लाखांपासून 21 कोटी 60 लाख कंपनांपर्यंत पसरल्या होत्या, म्हणजे बरोबर चौपट. ज्या अंतरात खालच्या टोकाचा दहावा हिस्सा उरतो, त्याच अंतरात वरच्या टोकाचा शंभरावाच उरणार. म्हणून प्रारंभीच्या जाळ्यांत एक सरळ तोडगा काढला गेला. वरच्या वाहिनीवर आलेला कार्यक्रम डोंगरावरच खालच्या वाहिनीवर उतरवून घ्यायचा आणि मग तारेत सोडायचा.

या धडपडीला व्यवसायाचे रूप आले ते पेन्सिल्वेनियातील लॅन्सफर्ड या गावी. पँथर व्हॅली या खोऱ्यातले हे कोळशाच्या खाणींचे गाव फिलाडेल्फियापासून सुमारे 70 मैलांवर आहे. वरच्या समिट हिल या वस्तीत फिलाडेल्फियाचे चित्र दिसे; खाली लॅन्सफर्डमध्ये पडद्यावर नुसता हिमवर्षाव. रॉबर्ट टार्ल्टन हे तेथे संचांची विक्री करीत. ज्या गावात चित्र दिसत नाही, त्या गावात संच विकत कोण घेणार? त्यांनी इतर विक्रेत्यांना जोडीला घेतले आणि 1950 मध्ये पँथर व्हॅली टेलिव्हिजन ही कंपनी काढली. डोंगरावर एरियल उभारून विजेच्या खांबांवरून केबल गावभर फिरवली. जोडणीचे 125 डॉलर आणि दरमहा 3 डॉलर, असा आकार ठेवला. खाणींचा धंदा त्या वेळी उतरणीला लागला होता आणि 1954 मध्ये खोऱ्यातल्या मोठ्या खाणी बंद पडल्या. अशा गावातल्या माणसांनी गाठीचे पैसे मोडून ही जोडणी घेतली. मोठ्या शहरात जे दिसते ते आपल्यालाही दिसावे, ही ओढ किती खरी होती, हे त्यावरून कळते.

टार्ल्टन यांनी वापरलेले विवर्धक मुळात या कामासाठी बनलेच नव्हते. फिलाडेल्फियात मिल्टन जेरॉल्ड शॅप या तरुण अभियंत्याने 1948 मध्ये जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी सुरू केली होती. एकाच एरियलवर दुकानातले अनेक संच चालावेत, किंवा इमारतीतल्या सर्व बिऱ्हाडांना संकेत मिळावा, यासाठी ती विवर्धक बनवी. ते एका इमारतीपुरते असल्याने एकामागून एक असे पुष्कळ जोडण्याची वेळच येत नसे. टार्ल्टन यांनी तेच फेरफार करून खांबांवर चढवले आणि गावभर साखळीने जोडले. शॅप यांनी लॅन्सफर्डला येऊन हा प्रकार पाहिला आणि आपल्या मालाला इमारतीहून मोठे क्षेत्र खुले आहे, हे ओळखले. जेरॉल्ड कंपनी पुढे या धंद्यात अग्रेसर ठरली. शॅप 1971 ते 1979 या काळात पेन्सिल्वेनियाचे गव्हर्नर होते.

हे पहिले विवर्धक प्रत्येकी एकाच वाहिनीसाठी असत. तीन वाहिन्या हव्या असतील तर प्रत्येक टप्प्यावर तीन विवर्धक. आलेले संकेत तेथे वेगळे करायचे, एकेक वाढवायचा आणि पुन्हा एकत्र करून पुढे पाठवायचे. ही पद्धत सोपी आणि खात्रीची होती; पण गावाला चौथी वाहिनी हवी झाली की साऱ्या खांबांवर नव्याने काम करावे लागे.

साखळी लांबू लागली तसतसा खरा प्रश्न समोर आला. प्रत्येक विद्युत्‌मंडलात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची अखंड हालचाल चालू असते आणि तिच्यातून एक सूक्ष्म खरखर निर्माण होते. पडद्यावर हीच खरखर हिमकणांच्या रूपाने दिसते. नेहमीच्या तापमानाला, एका चित्रवाहिनीच्या रुंदीत आणि केबलच्या 75 ओहम रोधावर ही खरखर सुमारे 1 मायक्रोव्होल्ट भरते. ही निसर्गाची मर्यादा आहे. ती कोणत्याही कारागिरीने ओलांडता येत नाही. निर्वात नलिकांच्या विवर्धकात तर नलिकांची स्वतःची खरखर तिच्यात मिसळून ती काही पट होई. विवर्धकाला आपपरभाव नसतो; संकेताबरोबर तो खरखरही तेवढीच वाढवतो. एकदा संकेत खरखरीच्या पातळीला पोचला की पुढे हजार विवर्धक लावले तरी त्यातून फक्त मोठा झालेला हिमवर्षाव निघेल.

यावरून पहिला नियम निघाला. संकेत क्षीण होण्याची वाट पाहू नये. तो 1000 मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून अधिक असतानाच त्याला विवर्धकाचा आधार द्यावा. पण मग प्रत्येक ठिकाणी त्याला भरपूर वाढवून का सोडू नये? त्यालाही मर्यादा होती. नलिकेला तिच्या ताकदीबाहेर काम दिले की तिच्यातून जाणाऱ्या वाहिन्या एकमेकींत मिसळतात. एका वाहिनीच्या चित्रावरून दुसरीची उभी पट्टी सरकताना दिसे, जणू मोटारीच्या काचेवरचा वायपर फिरतो आहे. म्हणजे संकेताला खालून हिमाची भीती आणि वरून या मिसळीची.

साखळीत विवर्धकांची संख्या दुप्पट झाली की खरखर 3 डेसिबलांनी वाढते. म्हणून आत येणारा संकेत तेवढा अधिक ठेवावा लागतो. त्याच वेळी मिसळ 6 डेसिबलांनी वाढते; म्हणून बाहेर जाणारा संकेत 3 डेसिबलांनी कमी करावा लागतो. खोलीची जमीन वर येत जावी आणि छत खाली, तशी ही अवस्था असते. काही विवर्धकांनंतर दोन्ही एकमेकांना भिडतात आणि तेथे तारेची लांबी संपते. गणित असे सांगते की प्रत्येक विवर्धकाने अवघी 9 डेसिबलांच्या आसपास वाढ केली तर संकेत सर्वांत दूर जातो. परंतु इतके विवर्धक बसवणे कोणाला परवडणार? व्यवहारात म्हणून 20 डेसिबलांच्या आसपासची वाढ मान्य झाली. थोडे वाढवावे आणि वेळेवर वाढवावे, हे या विद्येचे सार ठरले.

एकाच विवर्धकाने साऱ्या वाहिन्या सांभाळाव्यात, ही पुढची पायरी होती. अडचण नलिकेच्या जात्याच असलेल्या विद्युत्‌धारणेची होती. एकच नलिका इतकी रुंद पट्टी वाढवू शकत नव्हती आणि दोन नलिका शेजारी जोडल्या की वाढीबरोबर धारणाही दुप्पट होऊन लाभ शून्य होई. त्यावरची तोड ब्रिटनमधील पर्सिव्हल यांनी युद्धापूर्वीच सुचवली होती. अमेरिकेत हा विषय गिंझ्टन, ह्यूलेट आणि त्यांचे सहकारी यांच्या 1948 च्या शोधनिबंधाने सर्वांपुढे आला. या रचनेत नलिका एका ओळीत, ठरावीक अंतरावर, दोन समांतर तारमार्गांवर बसवतात. त्यामुळे त्यांची धारणा त्या मार्गाचाच भाग होऊन जाते. एका मार्गावरून संकेत पुढे सरकतो आणि वाटेतली प्रत्येक नलिका दुसऱ्या मार्गावरच्या लहरीत आपली भर टाकते. चालत्या पालखीला वाटेवरच्या प्रत्येक गावाने खांदा द्यावा, तसा हा प्रकार. वाढ थोडी मिळते, पण ती साऱ्या बारा वाहिन्यांना सारखी मिळते. मॅसॅच्युसेट्समधील स्पेन्सर-केनेडी लॅबोरेटरीज या कंपनीने 1950 नंतरच्या काही वर्षांत असे विवर्धक केबलच्या धंद्यात आणले. प्रत्येक वाहिनीला वेगळी पेटी हा दंडक त्यामुळे मोडला.

तरीही खांबावर पेटी चढवून काम संपत नसे. समजा, प्रत्येकी 20 डेसिबलांचे वीस विवर्धक एका ओळीत आहेत. मिळून 400 डेसिबलांची वाढ आणि केबलमध्ये तेवढीच घट. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या तरच शेवटच्या घरी चित्र दिसणार. आता हवा एक अंश सेल्सियसने तापली की केबलमधली घट सुमारे 0.2 टक्क्याने वाढते. पेन्सिल्वेनियाच्या हिवाळ्यातून उन्हाळ्यात जाताना 45 अंशांचा फरक पडला, तर 400 डेसिबलांचा हिशेब 36 डेसिबलांनी चुकेल. म्हणजे शक्ती हजारो पटींनी कमी-जास्त होईल. सकाळी उत्तम दिसलेले चित्र दुपारच्या उन्हात फिके पडे, ते यामुळेच. पुढे विवर्धकांत आपोआप वाढ कमी-जास्त करणारी योजना आली. तोपर्यंत ऋतू बदलला की तंत्रज्ञाला खांबाखांबावर चढून प्रत्येक पेटीची चावी फिरवावी लागे. नलिका तापून झिजत आणि त्या सतत बदलाव्या लागत. शिवाय त्यांना घरगुती दाबाची वीज लागे, म्हणून जेथे वीज मिळेल तेथेच विवर्धक बसे. साखळीतली एक नलिका विझली की तिच्या पुढची सारी घरे अंधारात जात.

1947 च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला होता. पण इतक्या जलद कंपनांना पुरे पडणारे ट्रान्झिस्टर मिळायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. 1960 नंतरच्या दशकात ते विवर्धकांत आले, तेव्हा पेटीचे रूपच पालटले. तिला लागणारी थोडीशी वीज आता 30 आणि पुढे 60 व्होल्टच्या दाबाने त्याच केबलमधून पाठवता येऊ लागली. विवर्धक आपल्या गरजेच्या जागी बसू लागला. विजेच्या खांबाची मनधरणी उरली नाही.

याच सुमारास या पेटीचा प्रश्न न्यायालयातही गेला. वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग आणि फेअरमाँट या गावांतील केबलचालक कंपनीवर चित्रपटांच्या स्वामित्वहक्काचा दावा लावण्यात आला. केबलचालक हा कार्यक्रम सादर करणारा, की प्रेक्षकाच्या एरियलला बळ देणारा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली दुसऱ्या बाजूने कौल दिला. प्रेक्षकाला जे स्वतः मिळवण्याचा हक्क आहे, ते त्याच्यापर्यंत पोचवणारे हे साधन आहे, असे न्यायालयाने मानले. 1976 च्या कायद्याने मात्र केबलचालकांवर मोबदला देण्याचे बंधन आले. तोपर्यंत तार डोंगराआडच्या गावांपुरती राहिली नव्हती. ती मोठ्या शहरांत शिरली होती आणि उपग्रहावरून येणारे स्वतंत्र कार्यक्रमही वाहू लागली होती.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत झाला. केबल आली ती 1980 नंतरच्या दशकात. येथे तिचा उगम इमारतींतल्या व्हिडिओ यंत्रांपासून झाला आणि 1991 नंतर उपग्रह वाहिन्यांमुळे तिचा झपाट्याने प्रसार झाला. 1995 मध्ये तिच्यासाठी कायदा झाला. कारण वेगळे होते, पण तारेचे नियम तेच. गच्चीगच्चीवरून केबल ओढून, मिळेल तेथे विवर्धक जोडून जाळी वाढली आणि साखळीच्या टोकाला राहणाऱ्या घरांच्या पडद्यावर तोच हिमवर्षाव दिसला, जो लॅन्सफर्डच्या खोऱ्यात दिसत असे.

पुढे काचतंतू आले. त्यांच्यातून प्रकाशाच्या रूपाने संकेत मैलोन्‌मैल फारसा न घटता जातो. त्यामुळे विवर्धकांच्या लांबलचक साखळ्या आखडल्या आणि काही ठिकाणी त्यांची गरजच राहिली नाही. पण ज्या तंत्रज्ञांनी कोळशाच्या खाणींच्या गावात खांबावर चढून पहिल्या पेट्या जुळवल्या, त्यांनी शिकलेली गोष्ट जुनी झालेली नाही. गमावलेला संकेत कोणताही विवर्धक परत आणू शकत नाही. तो अजून स्वच्छ असताना, वाटेवर ठायी ठायी, बेताने आधार दिला, तरच तो शेवटच्या घरापर्यंत पोचतो.